नियम अकरा आणि प्लास्टिकचं लेकरू

लोणार, गुरुवार

आदरणीय धम्मरत्नदादा यांस धाकट्या शालूचा सप्रेम जयभीम.

तुमच्या गुडघ्याले उतार असंल अन् वहिनी रागावली नसंल, असं धरून चालते. (पाच दिवस मेहकरले येऊन तुमच्या घराची पायरी चढली नाही, म्हणजे रागावलीच असंल. पण दिवसभर शेजारीण बसे, अन् संध्याकाळची येष्टी हुकली असती तं बाया शेतातून येईपर्यंत पाळणाघरातली सात लेकरं कोणी सांभाळली असती? यांनी? यांच्या मांडीवर लेकरू दिलं की पहिले हेच रडकुंडीले येतात.)

दादा, वीस वर्सं झाली, कापूस वेचाले जाणाऱ्या बायांची लेकरं मी सांभाळून राह्यली. आता सरकारचा नवा कायदा आला म्हणे: पाळणाघराची नोंदणी करा, प्रशिक्षण घ्या, मंग मदत भेटंल, नाही तं बंद करा. बंद केलं तं त्या बायांनी लेकरं काय शेताच्या धुऱ्यावर ठेवाची? म्हणून पाच दिवस मेहकरच्या प्रशिक्षणाले गेली मी. शिकवाले वैष्णवी मॅडम. पोरगी गुणाची, पण तिचं अजून लग्न व्हायचं अन् मले शिकवते लेकरू कडेवर कसं घ्याचं. रोज सकाळी आपल्या हातानं प्रत्येकीले एक प्लास्टिकची बाहुली सोपवे अन् संध्याकाळी मोजून घे. पाच दिवस मी मुकाट्यानं त्या बाहुलीले थोपटलं, खांद्यावर घेऊन ढेकर काढला. (ढेकर आला नाही म्हणून माझे दोन मार्क कापले.)

शेवटच्या दिवशी मॅडम मीटिंगले गेल्या अन् शिपाई येऊन म्हणे, बाहुल्या द्या. काऊन देऊ? नियम अकरा मॅडमनंच चारदा पाठ करून घेतला होता: ज्यानं लेकरू सोपवलं त्याच्याच हाती परत द्याचं. मी तं कायद्याच्या आधीपासून तो पाळते. पिऊन आलेल्या बापाले उंबऱ्यावरूनच वापस धाडते. मंग मी बाहुली पदराखाली घेतली अन् येष्टीत बसली. कंडक्टरनं तिचं वय विचारलं.

आता हापिसाची नोटीस आली: सरकारी सामान पळवलं, सबब प्रमाणपत्र रोखलं. बाकीच्या एकोणीस जणींनी शिपायाच्या हाती लेकरं टाकली, त्या पास. मी नियम पाळला, मी चोर. तुम्ही इतकी वर्सं हेडमास्तर होते, तुम्हीच सांगा हे कोणत्या पुस्तकात बसते.

तुमची बहीण,
शालू

ता. क. हापिस तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. मॅडमले म्हणा, स्वतः या, सही करा अन् आपलं लेकरू घेऊन जा.

आणखी ता. क. मॅडमले एवढ्यात पाठवू नका. जनकाबाईची करिष्मा, माय कापसात गेली की दुपारपर्यंत रडत राहे, ती आठ दिवसांपासून त्या बाहुलीले पोटाशी धरून गुमान झोपून राह्यली. तिच्या हातातून ती काढाची माझी हिंमत होत नाही. मेहकरच्या बाजारात तशीच दुसरी भेटते का पाहा, अन् ती हापिसात जमा करा. नाहीच भेटली तं लिहून द्या की शालूनं चोरी कबूल केली. पण अगोदर प्रमाणपत्र हातात घ्या.