पितळी ताट आणि आईची भाकर

रविवार, डिसेंबर
सक्करदरा, संध्याकाळ

अजून हसू आवरत नाही. त्या पोरीनं नेमकं करायचं तरी काय होतं?

काटोलच्या पुढं, संत्र्याच्या बागांमधलं ते दोन खोल्यांचं संग्रहालय आज आईला दाखवलं. गावात पहिल्यांदा आलेल्या जपानी भिक्खूंच्या आठवणीत गावानंच उभारलेलं. काचेत एक पितळी ताट. खाली मराठीत आणि जपानीत लिहिलंय, की पाहुणे त्यांच्या रीतीप्रमाणे ताटात कणही ठेवत नव्हते, आणि गावातल्या बाया रिकामं ताट दिसलं की वाढत होत्या. कोणीच थांबेना!

आई पोट धरून हसली. "येड्याच बाया वं!"

मग बाहेर झाडाखाली डबा उघडला. एक जपानी मुलगी एकटीच बसली होती, आईनं तिलाही बोलावलं. तिनं झुणका-भाकर खाऊन प्लेट लख्ख केली. आईनं वाढलं. पुन्हा लख्ख. आईचा हात पुन्हा डब्यात.

"आई, आत्ताच वाचलं ना तू?"

"वाचलं ना. पण ताट रिकामं दिसून राहिलं, त्याले मी काय करू?"

मुलीनंही ते वाचलं असावं. या वेळी तिनं हसत एक तुकडा प्लेटमध्ये तसाच ठेवला.

आईचा चेहरा पडला. "काहून टाकलं वं पोरी? भाकर कच्ची राहिली का?"