ह्यांचा नंबर

१२ जानेवारी, सोमवार

आज अकरा ओटीपी, एक पुस्तक. तेही परत करायला आलेलं.

वाचनालय आपलं म्हणायचं. कामरगावात आता "लायब्ररीत चाललो" म्हणजे फॉर्म भरायला चाललो. पेन्शन, पीकविमा, शिष्यवृत्ती, भरती. हे बावीस वर्षं ग्रंथपाल होते, त्यातली शेवटची सात-आठ कॉम्प्युटरपुढेच गेली. ज्याच्याकडे फोन नाही, ज्याचा नंबर सारखा बदलतो, ज्या पोरींच्या हाती घरचे फोन देत नाहीत — त्या सगळ्यांच्या फॉर्मवर ह्यांनी आपलाच नंबर टाकला. "रामधनभाऊचा टाका" — झालं!

ऑगस्टमध्ये हे गेले. जेवता जेवता. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष जानरावकाका घरी आले, वाचनालयाची चावी समोर ठेवली. "बाई, लायब्ररी तुमीच पाहा आता. अन् तो फोन बंद नका करू बाप्पा, अर्धं गाव अटकून जाईन."

घेतली चावी. नाही म्हणायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं.

१४ जानेवारी

संक्रांत. वाण घेऊन कुणी आलं नाही. येणार नव्हतंच. फोन चार वेळा वाजला.

१५ जानेवारी, गुरुवार

अभ्यासिकेत सहा पोरी. दोन कपाटं सरकवून ह्यांनीच ती जागा केली होती. सगळ्यांत आधी येते ती स्नेहा. पहाटे धनजच्या रस्त्यावर पळायचं, आंघोळ करून आठला दारात हजर. पोलीस भरती. मागच्या वेळी मैदानी चाचणीत थोडक्यात राहिली. वडील देवमनभाऊ मजुरीला जातात. मानोऱ्याचं एक स्थळ त्यांनी पाहून ठेवलंय.

तिनेच सांगितलं, "मॅडम, ह्या खेपेले नाई झालं तं मे महिन्यात लगन. बाबानं शब्द देला."

मैदानाची तारीख फोनवर येणार आहे. म्हणजे ह्यांच्या. ती रोज विचारते. मी रोज नाही म्हणते.

१९ जानेवारी, सोमवार

दुपारी फोन. पोहरादेवीकडचा कुणी माणूस. "रामधनभाऊ हाये का? माह्या कार्डाचं काय झालं पुसाचं होतं." मी म्हणाले, बाहेर गेलेत. "कवा येतीन?" संध्याकाळी, म्हणाले.

मग बंदच केला फोन. लहान मुलांच्या पुस्तकांच्या कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. राग नव्हता. दुःखही नव्हतं. पाच महिन्यांत एकदाही रडले नाही मी. नणंदेने गावभर सांगितलंय — दगड आहे म्हणे. असेन.

२० जानेवारी

स्नेहा आली. "मॅडम, साइटवर तारखा लागल्या म्हनते. लॉगिन करू द्या ना, ओटीपी येईन." रेंज नाही, म्हणाले. तिने खिडकीबाहेर पाहिलं. टॉवर समोरच आहे! मग आत जाऊन बसली.

२१ जानेवारी

शांत. पुस्तकांवरची धूळ पुसली. बरं वाटलं नाही, वाईटही नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

मनकर्णाबाई पेन्शनसाठी आल्या. फोन बंद आहे म्हटलं तरी उठेनात. "मंग चालू कर ना माय. मी काय उद्या पुन्हा येऊ का, पाय तुह्या बापानं देल्ले मले?"

काढला फोन. चालू केला. त्रेचाळीस मेसेज. मनकर्णाबाईंचं काम झालं, त्या गेल्या. मग बाकीचे वाचत बसले.

स्नेहा. मैदानी चाचणी, वाशिम, २२ जानेवारी, सकाळी पाच. मेसेज वीस तारखेचा.

बावीस म्हणजे काल.

ती आत गणितं सोडवत होती. मी तिच्या पाठीकडे पाहत राहिले. काहीतरी व्हायला हवं होतं. काहीच झालं नाही. त्याचीच भीती वाटली मला.

सहाला निघताना म्हणाली, "आला का मॅडम?"

उद्या पाहू, म्हणाले.

२४ जानेवारी

सांगितलं नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन झालं, तिथूनच तिच्या घरी गेले. तिची आई लिलाबाई चहा ठेवायला उठल्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं — तारीख येऊन गेली, फोन मी बंद ठेवला होता, रेंजचं खोटं बोलले.

लिलाबाईंनी चहाचं भांडं खाली ठेवलं. देवमनभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. तुमच्यावर काय कमी बितली का. मी उद्या पाव्हन्याले निरोप देतो." शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

त्या स्नेहाने दिल्या. बरं केलं. "काहून खोटं बोलले तुमी? काका असते तं गाडीवर घरी आले असते सांगाले! मागच्या खेपेले भर पान्यात आले होते! तुमी नुसत्या खुर्चीवर बसता!"

खरं आहे. हे रोज संध्याकाळी गाडी काढायचे. कुणाचा निकाल, कुणाची तारीख. मी ओरडायचे, पुस्तकं सांभाळायचा पगार आहे तुम्हाला, पोस्टमन आहात का! नुसते हसायचे.

निघताना म्हणाले, स्नेहा, उद्या माझ्याबरोबर वाशिमला चल. देवमनभाऊ, दोन दिवस निरोप देऊ नका.

२७ जानेवारी

वाशिम. भरतीच्या कार्यालयात दोन तास उभं. बाबू म्हणाला, गैरहजर राहिलेल्यांसाठी तीस तारीख ठेवलीय, पण कारण पक्कं पाहिजे आणि त्याचा कागद पाहिजे. तिथेच बाकावर बसून वाचनालयाच्या लेटरहेडवर लिहिलं. उमेदवाराचा दोष नाही. सदर मोबाईल क्रमांक माझे पती रामधन यांचा असून ते मयत आहेत. फोन माझ्या ताब्यात होता व मी तो बंद ठेवला. मृत्यूचा दाखला जोडला. शिक्का मारला. अक्षर छान आलं!

बाबूने दोनदा वाचलं. "मानूस गेला तं नंबर कायले चालू ठेवला बाई?"

गावाला लागतो, म्हणाले.

तीस तारीख मिळाली. बसमध्ये स्नेहा कारंजापर्यंत वेगळ्या सीटवर बसली. तिथे बस थांबली तेव्हा उतरून दोन चहा घेऊन आली.

३० जानेवारी, शुक्रवार

पळाली! आठशे मीटर. आम्हाला आत सोडलं नाही. देवमनभाऊ आणि मी फाटकाबाहेर थंडीत उभे, दिसत काहीच नव्हतं. बाहेर आली, हसली, मग ओकली, मग पुन्हा हसली.

येताना बापाने स्टँडसमोर तिला सिम घेऊन दिलं. तिच्याच नावाचं.

४ फेब्रुवारी, बुधवार

स्नेहाच्या डोक्यातून निघालं. "मॅडम, सगळ्यायचेच नंबर बदलून टाकू. ज्याचा त्याचा, नाईतं घरातल्याचा." जानरावकाकांनी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं. तीन दिवस झाले, दारात रांग आहे. ह्यांच्या काळात पुस्तकांसाठीसुद्धा एवढी लागली नसेल.

स्नेहा कॉम्प्युटरवर, मी फोन धरून. नंबर बदलायचा तरी जुन्या नंबरवर एक ओटीपी येतोच. तो मी वाचून दाखवते आणि माणूस मोकळा होतो. मनकर्णाबाईंनी नातवाचा नंबर दिला. जानरावकाका म्हणाले, "घ्या बाई, तुमच्या मांगची कटकट गेली."

हो, म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

स्नेहाचा निकाल आला, तिच्या स्वतःच्या फोनवर. लेखी परीक्षेला पात्र! अभ्यासिकेत ओरडली, कुणी गप्प बस म्हटलं नाही. देवमनभाऊंनी मानोऱ्याला नकार कळवला. मला आनंद झाला असावा. सगळ्यांना चहा सांगितला.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज फोन एकदाही वाजला नाही. पाच वाजता लक्षात आलं. बंद पडला असेल म्हणून पाहिला. चालू होता. रेंजही होती. कुणाचं ह्यांच्याकडे काही काम नव्हतं, एवढंच.

टेबलावर डोकं टेकवलं आणि मोठ्याने रडले. पोरी पुस्तकं टाकून धावत आल्या. स्नेहाने खांदे धरले. "काय झालं मॅडम? कोन गेलं?"

हे गेले, म्हणाले.