आजींकडची जन्मवेळ

सांगली, ३ मार्च २०२५

चि. वेदांत यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून हा कागद. जिंग्वेनचा फोटो पाहिला. तुझ्यापेक्षा हुशार दिसते, त्यात नवल नाही. बाबांनी होकार दिलाय, मीही दिलाच आहे. तरी मन थाऱ्यावर नाही. तू जर्मनीत, मुलगी चीनची, आम्ही इथे. उद्या काही बिनसलं तर कुणी कुणाकडे जायचं?

म्हणून एवढंच कर. तिची जन्मतारीख, वेळ आणि गाव कळव. गुरुजींच्या कॉम्प्युटरवर म्हणे जगातलं कुठलंही गाव सापडतं. नाही जुळलं तर मोडा, असं मी म्हणणार नाही. ग्रहांची शांत करता येते. माझी झोप तेवढी परत येईल.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमची माया तू जाणतोसच.

तुझी आई


स्टुटगार्ट, २० मार्च

ती. सौ. आईस आणि ती. बाबांस शि. सा. न.

आई, घोळ झालाय. जन्मवेळ ठाऊक होती फक्त जिंग्वेनच्या आजींना. तिने फोन करून विचारली, तर आजींनी कशाला हवी ते विचारलं आणि ऐकून फोन ठेवून दिला. तेव्हापासून त्या तिच्याशी बोलत नाहीत.

आपल्या पत्रिकेसारखी त्यांच्याकडेही रीत होती. मुलीची जन्मवेळ लाल कागदावर लिहून मुलाच्या घरी पाठवायची. कागद तीन दिवस चुलीपाशी ठेवायचा. तेवढ्यात भांडं फुटलं नाही, कुणी भांडलं नाही, की लग्न पक्कं. सोळाव्या वर्षी आजींचं असंच ठरलं. नवरा मारायचा. पुढच्या वर्षी असली लग्नं बंद करणारा कायदा आला, तेव्हा आजी अर्धा दिवस चालून काडीमोड मागायला कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनाने त्यांना तुमचं म्हणणं काय, असं विचारलं. तोवर त्यांना तसं कुणी विचारलं नव्हतं. दुसरं लग्न त्यांनी आपल्या मनाने केलं.

तरी तिथे सगळं बदललंय असं नाही. मध्यंतरी जिंग्वेनची आईच तिची उंची नि पगार लिहिलेला कागद बागेत टांगून आली होती. मुलांसाठी स्थळं शोधणाऱ्या आईबापांचा तिथे दर रविवारी बाजार भरतो. आजींनी जाऊन तो कागद फाडला. नातीची वेळ कुणाच्या चुलीपाशी जाऊ देणार नाही, असं त्यांनी जिंग्वेनच्या आईला सांगितलंय.

श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे लग्ननोंदणीच्या कचेरीत, २० जूनची तारीख मिळालीय, इथे तिला टेर्मिन म्हणतात. आजींच्या होकाराशिवाय जिंग्वेन सही करणार नाही. मी तिला समजावू शकत नाही, आणि तुला दोषही देववत नाही. ऑफिसात कामात लक्ष लागत नाही.

लोभ आहेच. या पत्राचा राग आला तर तो तेवढा आवरावा.

वेदांत


सांगली, ४ एप्रिल

चि. वेदांत यास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि लाज वाटली. मी मुलीची वेळ मागितली, तिला काय हवंय ते विचारलंच नाही. आजींसाठी सोबत चिठ्ठी ठेवली आहे. जिंग्वेनला अर्थ सांगून तिच्याकडून भाषांतर करून घे, मधलं काही गाळू नकोस. मी क्षमा मागितली आहे आणि लिहिलं आहे की माझं लग्नही असंच ठरलं. गुरुजी अठ्ठावीस गुण म्हणाले आणि सगळे पेढ्यांकडे वळले. माझ्या नशिबाने माणूस चांगला निघाला, म्हणून मला त्या रीतीत वावगं दिसलं नाही.

टेर्मिन रद्द करू नकोस. मी देवापुढे बसते आहे, पण काय मागावं ते कळत नाही.

तुझी आई


स्टुटगार्ट, २७ एप्रिल

ती. सौ. आईस शि. सा. न.

आजींचा फोन आला. वेळ त्यांनी सांगितलेली नाही. त्यांना तुला एकच विचारायचं आहे. माणूस चांगला निघाला हे त्यांना कळलं, पण लग्न ठरताना तुला कुणी विचारलं होतं का? तुझं उत्तर आल्यावर त्या आपला होकार की नकार ते सांगणार आहेत.

श्टांडेसआम्टमधली बाईसुद्धा २० जूनला आम्हां दोघांना एकेक करून आमची मर्जी विचारणार आहे. जिंग्वेन रोज तुझ्या पत्राची चौकशी करते. लवकर लिही. आहे तसंच प्रेम राहू दे.

वेदांत


सांगली, १० मे

चि. वेदांत आणि चि. जिंग्वेन यांस अनेक आशीर्वाद.

आजींना कळवा, नाही. मला कुणीही विचारलं नव्हतं. माझ्या एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात हे विचारणाऱ्या त्या पहिल्या. त्यांनी होकार दिला नाही तरी माझा त्यांच्यावर राग नाही. जन्मवेळ मला नको. गुरुजींना तसं सांगून आले.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. मग मान वर न करता त्यांनी मला विचारलं, आज विचारलं तर तू काय सांगशील?

मी म्हटलं, विचार करून सांगते. अजून सांगितलेलं नाही. कालपासून चहा तेच करताहेत.

तुम्हां दोघांवर लोभ आहेच, आता आजींवरही.

तुमची आई