सरजाबाईचा विस्तव

मी, दत्तराव सिताराम वाव्हळे, वय एकसष्ट, धंदा इंजन दुरुस्ती, राहणार मानवत, ता. पाथरी, जि. परभणी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवतो. इंजनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगतो. त्यावरून डोकेही ठिकाणावर असल्याचे समजावे.

१) दुकान अवजारांसह मुलगा नागनाथ यास. गिऱ्हाईक बोलत असता मधे बोलू नये. अर्धा दोष तेच सांगून जाते.

२) बँकेतील शिल्लक पत्नी केशरबाई हिची. त्यात कोणी नाक खुपसू नये.

३) धोंडटाकळीची घराची जागा मुलगी सत्यशीला हिला. ती विकू नये. कारण लिहितो.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून दंगल झाली तेव्हा भरदुपारी तिथली आमची वस्ती जाळली. सारे नेसत्या कपड्यांनिशी पळालो. आई, सरजाबाई, मागे फिरली. मला वाटले, डोरल्यासाठी गेली. आली तर हातात खापर आणि खापरात आमच्याच आढ्याचा निखारा.

"आई, टाक ते!"

"घर आपलं, लाकूड आपलं, मंग इस्तू कुणाचा? ह्यो बी आपलाच."

गोवरीचे तुकडे घालत, पदराआड धरून, पावसातून तिने तो मानवतला आणला. तीन दगड मांडून भाकरी केल्या. तेव्हापासून घरची चूल त्याच विस्तवावर. रोज राखेत पुरायचा, पहाटे फुंकायचा. "मधे कधी इझला असंल की," मी एकदा म्हणालो. "मी हाय तवर कसा इझतो?" ती गेली, आता केशरबाई राखते. जन्म यंत्रांत गेला, पण हे कसे चालते ते मला आजवर उमगलेले नाही.

"जाळा" म्हणणारा आवाज मी ओळखला होता. त्याच्या विहिरीवरचे इंजन माझ्याच हातचे. नाव लिहीत नाही. तो अजून दुकानात येतो, मी काम चोख करतो. परवा म्हणाला, "मिस्तरी, झालं की तुमचं नामांतर! आता मागचं इसरा, अन् ती जागा मला देऊन टाका. तुमी थोडंच परत येणार हाव?"

मी चहा पाजला. उत्तर इथे देतो.

४) सत्यशीलाने त्या जागेवर खोली बांधावी. पुढे गॅस खुशाल घ्यावा. पण पहिली चूल घरच्या निखाऱ्याने, त्याच खापरातून नेऊन पेटवावी. गाव जेवायला बोलवावे. तो आला तर पहिली भाकरी त्याला द्यावी, गरम. आणि कोणत्या विस्तवावर भाजली, ते सांगावे.

हे लिहिलेले मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले व त्यांच्यासमोर सही केली.

सही : दत्तराव सिताराम वाव्हळे

साक्षीदार :
बन्सीधर किशनराव जोगदंड, टायरवाले (सही)
मुंजाजी भुजंग ढवळे, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)

मानवत, दि. ३० जानेवारी १९९४