लाहला न आलेली

नंदुरबार, ९ जानेवारी

प्रिय आशा,

हे पत्र भीमसिंगदादाच्या जीपमधून धडगावला येईल आणि तिथून तुझ्या पाड्याकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हातून तुला मिळेल. त्याच्या जीपच्या सीटा अब्बांनी शिवल्यात, म्हणून पत्र न्यायला तो नाही म्हणाला नाही. तुझा फोन बंद आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तू कॉलेजला आली नाहीस तेव्हा मी तीनदा लावला, मग रागावून सोडून दिला. त्या रागाचंही लिहायचं आहे, पण आधी वर्गाचं सांगते.

आपला मायनरचा वर्ग अजून त्याच खोलीत भरतो, प्रयोगशाळेच्या मागे, जिथे खिडकी लागत नाही. आंतरराष्ट्रीय अभ्यास घेतलेले सहा जण होतो, आता पाच उरलो. तुझ्या जागेवर माहेनूर बसायला लागली होती, मी तिला उठवलं. कारण विचारलं तर सांगता आलं नाही. मला सांगता आलं नाही, आशा. कुठल्याही विषयावर दहा मिनिटं न थांबता बोलणारी मी.

विषय निवडायच्या दिवशी खिडकीतला क्लार्क काय म्हणाला होता, आठवतं? "आंतरराष्ट्रीय घी ऱ्हायनी, पण सुरत तरी देखेल शे का वं माय?" मागची रांग हसली. माझी जीभ शिवशिवत होती, त्याला चांगलं सुनावणार होते. पण तू माझ्या आधी शांतपणे म्हणालीस, सुरत नाही पाहिली दादा, पण बारडोलीचा ऊस तोडलाय. तो शिक्का मारायला लागला. त्या दिवसापासून मी तुझी झाले. घरी कलीमचाचा अजून टोमणे मारतात, की हिला अक्कलकुव्याची बस पकडता येत नाही आणि ही जगाचे तह करणार. मी त्यांना तुझंच उत्तर ऐकवते. सीमा म्हणजे काय हे दिल्लीच्या गार खोल्यांत बसणाऱ्यांनी आपल्याला शिकवू नये. सातव्या वर्षी ट्रकमध्ये उसाच्या कोयत्यांशेजारी झोपून जिने गुजरातची हद्द ओलांडली, तिने त्यांना शिकवावं. हे मी आजही कुठल्याही व्यासपीठावरून म्हणेन.

व्यासपीठावरूनच तर सगळं बिघडलं. राजेंद्र सरांनी वर्गात विचारलं होतं की लेखी करार नसताना, शिक्षेची भीती नसताना, देश एकमेकांच्या मदतीला का जातील? आम्ही सगळे पुस्तकातलं बोललो. तू लाह सांगितलीस. कुणाची निंदणी अडली, घर शाकारायचं राहिलं, की तो आदल्या दिवशी घरोघर सांगून येतो, सकाळी पाडा हजर होतो, मजुरी कुणी मागत नाही, घरधनी जेवण घालतो. सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला.

महिन्याभराने जळगावच्या वक्तृत्व स्पर्धेत मी तुझी लाह घेऊन उभी राहिले. तुझं नाव घेतलं नाही. आणि शेवट जोरकस व्हावा म्हणून पदरचं एक वाक्य घातलं: जो लाहला येत नाही त्याला गाव वाळीत टाकतं, जगानेही हेच करायला हवं. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. ढाल मिळाली. परतीच्या गाडीत अमळनेर येईपर्यंत तू शेंगा सोलत बसलीस, मग म्हणालीस, "आमच्याकडे वाळीत नाही टाकत. कुणी आला नाही तर बाकीचे त्याच्या घरी बघायला जातात. ताप असेल, कुणी पडलं असेल. मग आधी त्याचं काम करतात." मी काय म्हटलं ते तू विसरली असशील अशी आशा करते. मी म्हटलं, त्यावर टाळी पडली नसती. तू हसलीस आणि सोललेल्या शेंगदाण्यांतले अर्धे माझ्या हातावर ठेवलेस. "भाषणवाली," म्हणालीस, बस्स.

म्हणून सुट्टीनंतर तू आली नाहीस तेव्हा मला वाटलं, हिने ते मनात धरलं. माफी मागायची होती, पण फोन बंद लागला आणि मला बरंच वाटलं. मग चढेल मन म्हणालं, एवढ्यावरून मैत्री तोडते तर तोडू दे. दोन महिने मी तुला वर्गात वाळीतच टाकलं होतं, आशा. तुझं नाव निघालं की विषय बदलायचे. आणि घरी अम्मी तू पाड्यावरून आणून दिलेलं आमचूर डाळीत घालायची तेव्हा मी ताट बाजूला सारायचे. बरणी तळाला आली आहे. अम्मी ती धुवायला घेते, मी काढून घेते.

परवा भीमसिंगदादा सीट उसवली म्हणून दुकानात आला. अब्बांनी सहज तुझ्या गावाचं विचारलं. त्याने सांगितलं की तुझ्या आई, रुखमाबाई, झऱ्यावरून पाणी आणताना पडल्या, मांडीचं हाड मोडलंय. गोवालदादा आणि वहिनी ऊसतोडीला गेलेत, त्यांची दोन लेकरं तुझ्यापाशी, आणि तूर शेतात उभी आहे. तो सहज सांगत होता, ऊन-पावसाचं सांगावं तसं. मी मशीनपाशी उभी होते. तिथूनच वर्गातल्या बाकीच्या चौघांना गाठायला निघाले.

परीक्षेच्या फॉर्मवर वीस तारखेच्या आत तुझी सही लागते. सर म्हणाले, हजेरीचं ते प्राचार्यांशी बोलतील. पण हे पत्र मी त्यासाठी लिहिलेलं नाही. फॉर्म माझ्या पिशवीत असेल, सही करायची की नाही ते तू ठरव, मी त्यावर भाषण देणार नाही. रविवारी पहिल्या जीपने वर्गातले आम्ही पाचही येतोय. मी आणि तौसिफने कधी विळा धरलेला नाही, तेव्हा तुला आधी शिकवावं लागेल आणि हसावं लागेल. तू बोलावलेलं नाहीस, म्हणून जेवण तुझ्याकडे नाही, भाकऱ्या आम्ही आणतो. तू आली नाहीस, आशा. बघायला यायला मला दोन महिने उशीर झाला.

तुझीच,
कहकशाँ