तीन जॅकेटं आणि एक घड्याळ

प्रिय चिमणे,

तुझं पत्र मिळालं. बातम्या वाचायची नोकरी लागणार म्हणून तू आरशासमोर उभी राहून पेपर मोठ्यानं वाचतेस, हे वाचून हसू आलं. तुझ्या वयात मीही तेच करायचे. तुझी आजी म्हणायची, हिच्या बडबडीला एक दिवस भिंतही कंटाळेल. भिंत तशीच आहे, मीच कंटाळले.

फोनवर मी तुला आमच्या चॅनेलचं नुसतं कौतुक सांगत आले. आज खरं सांगते. मी आले तेव्हा इथे चौदा जण होते. बातमी आणणारे वेगळे, ती तपासणारे वेगळे, आणि एक बाई तर फक्त फोनपाशी बसायच्या. आता साहेब, कॅमेरावाले काका आणि मी, एवढेच उरलोय. काका शूटिंग करतात, कापाकापी करतात, गाडीही तेच चालवतात. उरलेलं सगळं माझ्या गळ्यात. एक ना धड, भाराभर चिंध्या! पोलिसांकडून आलेला कागद जसाच्या तसा वाचायचा, कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लावायचा, की झाली बातमी. बाहेर जाऊन चार प्रश्न विचारावेत, तर कॅमेऱ्यासमोर कोण बसणार?

आणि आमचं गुपित ऐक. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही वेळच्या बातम्या आम्ही सकाळी अकराच्या आत रेकॉर्ड करून टाकतो. खिळ्यांवर तीन जॅकेटं टांगलेली आहेत : सकाळचं निळं, दुपारचं पिवळं, संध्याकाळचं काळं. मी जॅकेट बदलते तोवर काका स्टुलावर चढून माझ्या मागच्या घड्याळाचे काटे फिरवतात. त्या घड्याळात सेलच नाही. मग मी गंभीर चेहरा करून म्हणते, आत्ताच हाती आलेल्या माहितीनुसार. पहिल्यांदा हे केलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. तेव्हा स्टुडिओला खिडकी नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तुझ्या आईच्या छातीत दुखायला लागलं, ती संध्याकाळ आठव. दादानं, म्हणजे तुझ्या बाबांनी, तिला गाडीत घालून पुलाचा रस्ता धरला, पूल बंद निघाला, आणि वळसा घालून दवाखान्यात पोचेपर्यंत तासभर वाया गेला. ती वाचली, पण तेव्हापासून एक जिना चढायला तिला दोनदा थांबावं लागतं. पूल ऐन वेळी आपल्या डोळ्यांदेखत बंद केला, असं त्यानं तुम्हा सगळ्यांना सांगितलं. ते खरं नाही गं. पूल दुपारी दोनलाच बंद झाला होता. ते कळवायला आमच्याकडे फोनही आला होता, हे मला नंतर कळलं. मी आणि काका एका दुकानाच्या उद्घाटनाला गेलो होतो, साहेब जेवायला. फोन वाजून वाजून थांबला. संध्याकाळी सातला काळ्या जॅकेटात मीच सांगितलं, पुलावरची वाहतूक सुरळीत आहे. दादा ते ऐकून निघाला. बहीण सांगतेय म्हटल्यावर तो आणखी कुणाला कशाला विचारेल?

पुलावरच्या शिपायानं त्याला खरी वेळ सांगितली होती. तरी आजवर तो मला एका शब्दानं बोललेला नाही. एकदा चांगलं फैलावर घेतलं असतं, तर मी मोकळी झाले असते. तो मात्र अजून रोज सातला टीव्ही लावतो.

दुसऱ्याच दिवशी मी राजीनामा दिला. साहेबांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि करारावरची माझी सही दाखवली : आधी बदली माणूस आणा, तयार करा, मग खुशाल जा. दोन वर्षांत कुणी फिरकलं नाही. अशात तू विचारलंस, आत्या, तुमच्याकडे जागा आहे का? मला तुझी हौस दिसली नाही गं, दार दिसलं. म्हणून ते सगळं कौतुक. तुझा अर्ज महिनाभर माझ्या पर्समध्ये आहे. रोज ठरवते, आज साहेबांना देऊन टाकू. आज या पाकिटात घालून तुला परत पाठवतेय. फाडून टाक. जिथे बातमी तपासायला निदान एक माणूस असेल, तिथेच नोकरी कर. उद्या साहेब विचारतील, भाची कधी येतेय? नाही येत, म्हणून सांगेन आणि खिळ्यावरचं निळं जॅकेट काढून अंगात घालेन. तू फक्त दादाला एवढं सांग, की सातच्या बातम्यांत दिसते ती तुझी बहीण असली, तरी तिच्यावर विसंबून घराबाहेर पडू नकोस.

सातला दिसणारी, अकरालाच अडकलेली,
तुझीच आत्या