स्टॅपेलियाची कळी

सावदा, २ जुलै २०२४

चि. हितेंद्र यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरात फोन असताना अक्का पत्र का लिहिते, म्हणून तुझी रत्ना हसेल. हसू दे. मी फोनवर बोलले की अख्खी गल्ली ऐकते, आणि हे घरात कुणाला कळायला नको आहे.

एप्रिलमधल्या तापानंतर मला वास येईनासा झाला आहे रे. हिंगाचा नाही, फोडणीचा नाही, कशाचाच येत नाही. भुसावळला डोळे दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांना हळूच विचारलं. म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. आयुष्यभर काळा मसाला मी वासावर भाजला. परवा खोबऱ्याचा कोळसा झाला, ते धूर दिसल्यावर कळलं. सूनबाई हेमलता लगेच कढई घासायला घेऊन गेली, तेच जास्त लागलं. आता शेगडीपाशी उभं राहायची भीती वाटते.

केळीची कापणी जोरात आहे, हे दिवसभर मळ्यात असतात. तब्येत सांभाळ, आणि दोन ओळी तरी लिही.

तुझी अक्का

धुळे, ११ जुलै

ती. अक्कास हितेंद्रचा सा. न. वि. वि.

पत्र रत्नालाही दाखवलं नाही. घाबरू नकोस असं लिहून काय उपयोग, तू घाबरणारच.

शेजारचा छगन तिकडे येतोय, त्याच्याबरोबर माझ्या गच्चीवरच्या निवडुंगासारख्या रसाळ सक्युलंटांपैकी एक कुंडी पाठवतो. नाव स्टॅपेलिया. ना पान ना काटा, नुसत्या चौकोनी मखमली कांड्या. रत्ना या सगळ्यांना माझी मुकी पोरं म्हणते. माती ठणठणीत कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नकोस. केळीसारखं न्हाऊ घातलंस तर कुजेल. कुंडी मागच्या दारी ठेव आणि फूल आलं की काय वाटलं ते लिही. फुलाबद्दल याहून जास्त मुद्दामच सांगत नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

हितेंद्र

सावदा, २९ ऑगस्ट

चि. हितेंद्रला आशीर्वाद. वि. वि.

तुझी मुकी पोर मजेत आहे. मागच्या आठवड्यात तिला टपोरी, टोकदार कळी आली, हुबेहूब लहानसं केळफूल. लगेच मोडून टाकली. मळ्यात फण्या सुटल्या की घड पोसावा म्हणून केळफूल मोडतोच ना आपण? हात आपोआप गेला. आता झाड चांगलं पोसेल. फूल कधी येईल ते कळव.

वासाचं म्हणशील तर आहे तसंच.

अक्का

धुळे, ४ सप्टेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

अगं अक्का, तेच तर फूल होतं! इथे कसला घड आणि कसल्या फण्या! एकटाच हसत बसलो म्हणून रत्नाला कळीचं सांगावं लागलं, बाकीचं नाही. दुसरी कळी आली तर हात पाठीशी बांधून ठेव.

हितेंद्र

सावदा, २० ऑक्टोबर

चि. हितेंद्रला आशीर्वाद.

आज घाईत लिहिते. मागच्या दारी उंदीर मेलाय. सकाळी दार उघडलं आणि पदर नाकाला लावला. यांना कोठी हलवायला लावली, लाकडं उपसली, उंदीर काही सापडेना. हे वैतागले. मी म्हटलं, एवढी घाण मारतेय, तुम्हाला नाक आहे की नाही?

आणि बोलता बोलता माझं मलाच उमगलं, तशी पायरीवर बसले. हितेंद्र, मला वास आला रे! इतका घाणेरडा वास, आणि मी छाती भरून ओढत होते. हेमलता जवळ येऊन बसली. तिला सगळं सांगून टाकलं, तर म्हणाली, आत्या, मला ठाऊक होतं. रोज दूध नासलंय का ते म्हणून तर मी आधी बघून ठेवते. मग दोघीही रडलो. बाकीचे वास अजून नाहीत, पण एक तरी आला. देवा, आज तो उंदीर सापडू नये.

हो, दुसरी कळी चांगली फुगली आहे. पुन्हा हात जाऊ नये म्हणून कुंडी पाण्याच्या पिंपामागे ठेवलीय. आज तिकडे बघायला सवड झाली नाही.

तुझी अक्का

धुळे, २५ ऑक्टोबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

फोन उचलला होता, मग ठेवून दिला. हे लिहूनच सांगायचं होतं.

उंदीर मेलेला नाही. पिंपामागे बघ. पंजापेक्षा मोठी पिवळसर चांदणी तिथे उमलली असणार. पत्र पोचेपर्यंत सुकलीही असेल. माश्यांनी यावं म्हणून ते फूल तसंच घाण मारतं. रत्ना त्याला घरात घेऊ देत नाही. आधी सांगितलं असतं, तर माझं मन राखायला तू वास आला म्हणून लिहिलं असतंस. आता खोटं बोलायला तुला जागाच उरली नाही. अक्का, तुला खरंच वास आला.

लहानांनी मोठ्यांना आशीर्वाद द्यायचे नसतात, नाहीतर आज दिले असते.

तुझा हितेंद्र